तंत्रज्ञाचा ताशी बिलिंग दर सॉफ्टवेअरमध्ये कुठे भरावा: माणसाच्या नावावर की कामाच्या प्रकारावर?

देखभाल_विभाग (प्रश्न)

नमस्कार. आमच्याकडे यंत्रांची उभारणी, दुरुस्ती आणि ठरावीक मुदतीची देखभाल अशी तिन्ही प्रकारची कामे होतात आणि ती करणारे १४ तंत्रज्ञ आहेत: चार वरिष्ठ, सात नियमित आणि तीन मदतनीस. आतापर्यंत कामाचे तास जॉब कार्डवर हाताने लिहिले जात आणि महिनाअखेरीस लेखा विभाग ते स्प्रेडशीटमध्ये चढवून बिले तयार करत असे. अलीकडे आम्ही फील्ड सर्व्हिस (ग्राहकाच्या जागी जाऊन करायची कामे) व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर वापरायला घेतले आहे आणि त्याची जुळवणी करण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक तंत्रज्ञाच्या माहितीच्या पानावर ‘ताशी दर’ असा एक रकाना आहे. तो पाहून मी प्रत्येकाचे ताशी वेतन घेतले, त्याला अडीचने गुणले आणि आलेला आकडा त्या रकान्यात भरला. पहिल्या महिन्याच्या चाचणीत मात्र तीन गोष्टी लक्षात आल्या. एकाच ग्राहकाकडे, एकाच प्रकारच्या यंत्रावर, तेच काम दोनदा झाले. पहिल्या वेळी मोकळा होता म्हणून वरिष्ठ तंत्रज्ञ गेला आणि दुसऱ्या वेळी नियमित तंत्रज्ञ गेला. दोन्ही बिलांतील श्रमाची रक्कम वेगळी आली आणि ग्राहकाने त्याचे कारण विचारले तेव्हा माझ्याकडे त्याला पटेल असे उत्तर नव्हते. दुसरी गोष्ट अशी की एका तंत्रज्ञाचे वेतन महिन्याच्या मध्यावर वाढले म्हणून मी त्याचा दर बदलला, तर त्याने आधीच पूर्ण केलेल्या पण बिल न झालेल्या ११ वर्क ऑर्डरच्या (एकेका कामाच्या नोंदींच्या) रकमाही आपोआप बदलल्या. आणि तिसरी गोष्ट म्हणजे अहवालात जवळजवळ प्रत्येक काम भरघोस नफ्यात दिसते, पण वर्षाच्या ताळेबंदाशी हे चित्र अजिबात जुळत नाही.

माझा मुख्य प्रश्न असा आहे की दर तंत्रज्ञाच्या नावावर ठेवावा, त्याच्या श्रेणीवर ठेवावा, की कामाच्या प्रकारावर ठेवावा? त्याचबरोबर ओव्हरटाइम आणि प्रवासाचा वेळ यांसाठी मूळ दराला गुणक लावावा, की स्वतंत्र दर ठेवावेत, याबद्दलही अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रणाली_जुळवणी

आपण मांडलेल्या तिन्ही अडचणींचे मूळ एकच आहे आणि ते सॉफ्टवेअरमध्ये नसून आकड्यांच्या अर्थात आहे. एका तंत्रज्ञाच्या एका तासाशी तीन वेगवेगळे आकडे जोडलेले असतात. एक, त्याला मिळणारे वेतन. दोन, तो तास संस्थेला कितीला पडतो तो खर्च. आणि तीन, त्या तासासाठी ग्राहकाकडून घ्यायची रक्कम. वेतन हा संस्था आणि तंत्रज्ञ यांच्यातला विषय आहे, खर्च हा संस्थेचा अंतर्गत हिशेब आहे आणि बिलिंग दर हा ग्राहकाला दिलेला शब्द आहे. आपण वेतनाला गुणून थेट बिलिंग दर काढला, त्यामुळे तंत्रज्ञाची वेतनवाढ त्याच दिवशी ग्राहकाच्या बिलात जाऊन बसली.

तंत्रज्ञाच्या पानावरचा ‘ताशी दर’ हा रकाना बऱ्याच प्रणालींमध्ये खर्चासाठी असतो, विक्रीसाठी नसतो, आणि नावावरून ते कळत नाही. उदाहरणार्थ, मायक्रोसॉफ्टच्या डायनॅमिक्स ३६५ फील्ड सर्व्हिस या सॉफ्टवेअरमध्ये श्रम हे ‘सर्व्हिस’ प्रकारचे उत्पादन म्हणून नोंदवले जाते आणि त्याची विक्री किंमत दरसूचीतून येते. तंत्रज्ञाच्या नोंदीतला ताशी आकडा खर्चाच्या बाजूला जातो. सेल्सफोर्समध्येही वर्क ऑर्डरच्या ओळीला प्राइस बुकमधील (दरसूचीतील) नोंद जोडता येते, म्हणजे तिथेही किंमत माणसाला चिकटलेली नसून विकल्या जाणाऱ्या सेवेला चिकटलेली आहे. आपले सॉफ्टवेअर कोणतेही असो, पहिली चाचणी ही करा की तो रकाना रिकामा ठेवून एक वर्क ऑर्डर पूर्ण करा आणि बिलाचा मसुदा काढा. श्रमाच्या ओळीत रक्कम आली, तर ती दुसरीकडून येते आहे असे समजावे आणि ती जागा शोधावी. रक्कम शून्य आली, तर तो रकानाच विक्री दर म्हणून वापरला जातो आहे. मग तंत्रज्ञाच्या दराला मागे सारणारी एखादी दरसूची बसवता येते का, हे पाहावे लागेल.

माझी शिफारस स्पष्ट आहे: दर सेवेच्या प्रकारावर ठेवा, आणि आवश्यक असेल तिथेच श्रेणीचा उपयोग करा. ‘निदान आणि दुरुस्ती’, ‘नियमित देखभाल’, ‘उभारणी’, ‘प्रवास’ आणि ‘मदतनीस’ अशा पाच ओळींत आपली बहुतेक कामे बसतील असे वाटते. चौदा माणसांचे चौदा दर सांभाळण्यापेक्षा पाच सेवांचे पाच दर सांभाळणे सोपे आहे, ही त्याची लहान बाजू झाली. मोठी बाजू अशी की ग्राहकाने प्रश्न विचारला, तर ‘आपल्याकडे निदानाचे काम झाले आणि निदानाचा दर हा आहे’, असे उत्तर देता येते. ‘त्या दिवशी वरिष्ठ माणूस मोकळा होता’ हे त्याने जास्त पैसे देण्याचे कारण होऊ शकत नाही. त्याला कोण पाठवायचे हे आपण ठरवले होते.

यापुढे दरांचा उतरता क्रम ठरवून ठेवावा. एका ग्राहकाशी झालेला करार, त्याखाली ग्राहकांच्या गटाची दरसूची, त्याखाली सेवेचा सर्वसाधारण दर आणि अगदी शेवटी काहीच न सापडल्यास वापरायचा पर्यायी दर, असा तो क्रम असतो आणि जो दर सर्वांत नेमका लागू होतो तो जिंकतो. हा क्रम आपल्या प्रणालीत कसा चालतो, हे अंदाजाने ठरवू नये. मुद्दाम चार पातळ्यांवर चार ओळखू येतील असे आकडे भरावेत, समजा १११, २२२, ३३३ आणि ४४४, आणि बिलात कोणता उमटतो ते पाहावे. शेवटच्या पर्यायी दराबद्दल मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. तो ठेवूच नये, असे मी सांगेन. दर सापडला नाही तर बिल अडून राहावे आणि कुणीतरी कारण शोधावे, हे चुकीच्या दराचे बिल गुपचूप ग्राहकाच्या हाती जाण्यापेक्षा केव्हाही बरे.

११ वर्क ऑर्डर बदलल्या, त्याचा उपायही सांगतो. जुना आकडा पुसून त्या जागी नवा लिहिणे, ही सवय स्प्रेडशीटमधून येते. दरसूचीत मात्र जुन्या ओळीला समाप्तीची तारीख द्यावी आणि नव्या दराची नवी ओळ तिच्या प्रारंभ तारखेसह जोडावी. त्यानंतर प्रणाली दर कोणत्या तारखेवरून उचलते, हे तपासावे: काम झाल्याची तारीख, वर्क ऑर्डर उघडल्याची तारीख, की बिल काढल्याची तारीख. माझ्या मते काम झाल्याची तारीख हीच न्याय्य आहे आणि तिला अपवाद एकच, तो म्हणजे ग्राहकाने आधी मान्य केलेले अंदाजपत्रक. तिथे अंदाजपत्रकातला दर टिकला पाहिजे. याशिवाय वेळेची नोंद मंजूर होताच त्या क्षणाचा दर त्या नोंदीत कायमचा उतरला पाहिजे. नोंदीत दराची प्रत नसून केवळ दरसूचीकडे बोट दाखवलेले असेल, तर पुढचा प्रत्येक बदल मागच्या कामांना हलवत राहील.

हिशेबनीस

वरच्या उत्तराशी मी सहमत आहे. मी फक्त तिसऱ्या अडचणीबद्दल, म्हणजे अहवालात दिसणाऱ्या नफ्याबद्दल लिहितो, कारण ती सर्वांत महागात पडणारी आहे. आपल्या प्रणालीने खर्च म्हणून बहुधा निव्वळ वेतन धरले आहे. वेतनाच्या अडीचपट दर आणि खर्च एकपट, असे असल्यावर प्रत्येक काम नफ्यातच दिसणार.

खरा खर्च काढायचा तर वर्षाच्या तासांपासून सुरुवात करावी. आठवड्याचे ४० तास आणि वर्षाचे ५२ आठवडे धरले, तर पगारी तास २,०८० होतात. सुट्ट्या, रजा आणि आजारपण मिळून ३० दिवस गेले, तर २४० तास कमी होऊन १,८४० उरतात. प्रशिक्षण, बैठका, गाडी आणि हत्यारांची निगा यांत १४० तास गेले असे समजू, उरले १,७००. या तासांतही प्रवास, सुटे भाग आणणे, ग्राहकाच्या दाराशी वाट पाहणे आणि स्वतःच्या चुकीमुळे पुन्हा करावे लागलेले काम यांत ३० टक्के वेळ गेला, तर ग्राहकाला लावता येणारे तास १,१९० राहतात. म्हणजे ज्या तासांचा पगार आपण देतो, त्यांतले सुमारे ५७ टक्केच तास बिलात उतरतात. हे प्रमाण प्रत्येक संस्थेत वेगळे असते आणि आपले प्रमाण आपल्या जुन्या जॉब कार्डांवरूनच काढले पाहिजे. दुसऱ्याचे उचलू नये.

आता ताशी वेतन १०० धरू, चलन कोणतेही असो. वर्षाचे वेतन २,०८,००० झाले. मालकाने भरायची अंशदाने आणि विमा २० टक्के धरल्यास ४१,६०० वाढतात. गाडी, हत्यारे, फोन आणि प्रशिक्षण यांचे ६०,००० आणि कार्यालय, डिस्पॅच (कामांचे वाटप), सॉफ्टवेअर, व्यवस्थापन यांतला एका तंत्रज्ञाच्या वाट्याचा वरकड खर्च १,१०,४०० असे धरले, तर एकूण ४,२०,००० होतात. याला पगारी २,०८० तासांनी भागले, तर एक तास सुमारे २०२ ला पडला असे वाटते आणि अडीचपट दर म्हणजे २५० पुरेसा दिसतो. पण भागायचे आहे ते बिलयोग्य १,१९० तासांनी, आणि मग एक तास ३५३ ला पडतो. २५० चा दर लावणारी संस्था बिलातल्या प्रत्येक तासाला १०३ गमावत असते आणि तिचे अहवाल तिला नफा दाखवत असतात. मी हे उदाहरण मांडले आहे ते आपला गुणक चुकीचा ठरवण्यासाठी नाही. आपले आकडे वेगळे असतील. पण अडीच हा आकडा कुठून आला, याचे उत्तर कागदावर असले पाहिजे.

यावर नफा चढवताना होणारी एक चूक इतकी सर्रास आढळते की ती सांगितल्यावाचून राहवत नाही. विक्रीवर २० टक्के नफा हवा असेल, तर ३५३ ला ०.८० ने भागावे लागते आणि दर ४४१ येतो. खर्चावर २० टक्के वाढवले, तर ४२४ येतो आणि विक्रीवरचा नफा १६.७ टक्केच राहतो. सॉफ्टवेअरमधल्या टक्केवारीच्या रकान्याला यांतले काय अपेक्षित आहे, हे एका साध्या आकड्यावर तपासून पाहावे: खर्च १००, टक्केवारी २०, उत्तर १२० आले तर ती खर्चावरची वाढ आहे, १२५ आले तर तो विक्रीवरचा नफा आहे.

प्रवासाबद्दल आपण गुणक की स्वतंत्र दर असे विचारले आहे, पण त्याआधीचा प्रश्न असा आहे की प्रवास कोणत्या बाजूला मोजला आहे. वरच्या हिशेबात प्रवास बिलयोग्य नव्हता, म्हणून त्याचा भार श्रमाच्या दरावर आला. वर्षातले ३०० तास प्रवासाचे असतील आणि ते पूर्ण दराने वेगळे लावणार असाल, तर भाजक १,४९० होतो आणि ताशी खर्च २८२ वर येतो. अर्ध्या दराने लावणार असाल, तर त्यांना १५० तास धरून भाजक १,३४० आणि खर्च ३१३ होतो. प्रवासाचा भार श्रमाच्या दरात आधीच मिसळून वर पुन्हा प्रवासाची ओळ लावणे म्हणजे ग्राहकाकडून एकाच गोष्टीचे पैसे दोनदा घेणे होय. व्हिजिट चार्ज, गाडीचे शुल्क आणि सुट्या भागांवरची वाढ यांनाही हेच लागू आहे: प्रत्येक वरकड खर्चाला घर एकच असावे.

डिस्पॅच_टेबल

मी रोज वर्क ऑर्डर वाटण्याचे काम करतो, म्हणून ओव्हरटाइमबद्दल लिहितो. या शब्दात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या जातात. तंत्रज्ञाचा ओव्हरटाइम त्याच्या आठवड्याच्या तासांवर ठरतो. ग्राहकाला लागणारा जादा दर मात्र त्याने सेवा कोणत्या वेळी मागितली यावर ठरला पाहिजे. मंगळवारी सकाळी अकराला बोलावलेल्या तंत्रज्ञाचे आठवड्याचे तास इतर कामांत आधीच भरले असतील, तर त्याला जादा वेतन मिळणे योग्यच आहे, परंतु त्या ग्राहकाला जादा दराचे बिल जाणे अन्यायाचे आहे. उलट रात्री दहाला बोलावलेला तंत्रज्ञ त्या आठवड्यात फक्त वीस तास काम केलेला असेल, तरी ग्राहकाला रात्रीचा दर लागला पाहिजे. आमच्याकडे सुरुवातीला एकच गुणक दोन्हीकडे जोडलेला होता आणि आठवड्याच्या शेवटी ज्या ग्राहकांची कामे यायची, त्यांची बिले विनाकारण वाढत होती. ग्राहकासाठी ‘कार्यालयीन वेळेबाहेर’ ही स्वतंत्र सेवा दरसूचीत ठेवा आणि ओव्हरटाइम वेतनाच्या नोंदींपुरता राहू द्या. मध्यरात्र ओलांडणारे आणि वेळेची सीमा ओलांडणारे काम प्रणाली आपोआप दोन भागांत तोडते का, हेही पाहून ठेवा.

एका मुद्द्यावर मात्र पहिल्या उत्तराशी माझा मतभेद आहे. श्रेणी अगदीच मागे सारू नये. काही कामे अशी असतात की ती प्रमाणित प्रशिक्षण घेतलेल्या माणसानेच करायची असतात आणि ग्राहकही त्याचीच मागणी करतो. तिथे वरिष्ठाचा दर वेगळा असणे योग्य आहे.

प्रणाली_जुळवणी

हा मतभेद शब्दांपुरताच आहे असे मला वाटते. कामाला वरिष्ठ माणूस आवश्यक असेल, तर ती गरज कामाच्या प्रकारात लिहिलेली असते, म्हणून ‘विशेष प्रशिक्षित तंत्रज्ञाचे काम’ ही वेगळी सेवा होते आणि तिचा दर वेगळा असतो. मग त्या सेवेसाठी वर्क ऑर्डरमध्ये कौशल्याची अट घाला, म्हणजे डिस्पॅचरला त्या कामावर तशीच माणसे दिसतील. परंतु वरिष्ठ तंत्रज्ञ साध्या देखभालीला गेला, तर बिल देखभालीच्या दरानेच व्हावे आणि खर्चात मात्र त्याचा खरा खर्च दिसावा. दोन्हीतला फरक अहवालात दिसू लागला की महागडी माणसे स्वस्त कामांवर किती वेळा पाठवली जातात, हे व्यवस्थापनाला कळते. दर माणसावर असता, तर हा फरक ग्राहकाच्या बिलात मुरून गेला असता आणि कुणाच्याच लक्षात आला नसता. माझ्या दृष्टीने सेवेवर दर ठेवण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

देखभाल_विभाग (प्रश्नकर्ता)

आपण सर्वांनी इतक्या सविस्तरपणे लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. मी रकाना रिकामा ठेवण्याची चाचणी केली आणि श्रमाची ओळ शून्य आली. सेवेची दरसूची जोडल्यावर मात्र तीच वरचढ ठरते, असेही दिसले. त्यामुळे आता पाच सेवांची दरसूची केली आहे, विशेष प्रशिक्षित कामाची सहावी ओळ जोडली आहे आणि तंत्रज्ञाच्या पानावर केवळ खर्चाचा आकडा ठेवला आहे. गेल्या वर्षाची जॉब कार्डे काढून बिलयोग्य तास मोजले, तेव्हा ते पगारी तासांच्या निम्म्याहून थोडेच जास्त निघाले. हे मी आधी कधीच मोजले नव्हते.

तीन नवे प्रश्न उभे राहिले आहेत. पहिला, वेळ १५ मिनिटांच्या टप्प्याने वर नेतो, पण काही बिलांत तास अपेक्षेपेक्षा बरेच जास्त येत आहेत. दुसरा, दोन माणसे गेली तर किमान एका तासाचा आकार दोघांनाही लागत आहे. तिसरा, वॉरंटीची कामे आणि आमच्या चुकीमुळे पुन्हा करावी लागलेली कामे शून्य दराने नोंदवावीत, की नोंदवूच नयेत?

हिशेबनीस

पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा असे आहे की आपली प्रणाली प्रत्येक नोंद वेगवेगळी पुढच्या टप्प्यावर नेते आहे. एका कामात तंत्रज्ञाने घड्याळ तीनदा थांबवले आणि ७, २२ व १६ मिनिटांच्या तीन नोंदी झाल्या असे समजा. खरी बेरीज ४५ मिनिटे आहे. प्रत्येक नोंद १५ च्या टप्प्याने वर नेली, तर १५, ३० आणि ३० मिळून ७५ मिनिटे होतात. आधी बेरीज करून मग टप्पा लावला, तर ४५ च राहतात. जो तंत्रज्ञ प्रामाणिकपणे प्रत्येक खंड नोंदवतो, त्याच्या ग्राहकाला त्याच्या प्रामाणिकपणाचा दंड होता कामा नये. टप्पा नेहमी भेटीच्या एकूण वेळेला लावावा आणि मूळ मिनिटे वेगळ्या रकान्यात जशीच्या तशी जतन व्हावीत. वेतन आणि खर्च त्या मूळ मिनिटांवरच काढावा.

याच ओघात हेही तपासा की हाताने भरलेला वेळ तास आणि मिनिटांत घेतला जातो की दशांशात. एक तास वीस मिनिटे म्हणजे १.३३ तास. कुणी १.२० लिहिले आणि प्रणालीने तो दशांश मानला, तर ७२ मिनिटांचेच बिल होते. एक तास पंचेचाळीस मिनिटांसाठी १.४५ लिहिले, तर १८ मिनिटे गळतात. कागदी कार्डांवरून आलेल्या मंडळींकडून ही चूक हमखास होते आणि ती दोष देण्याजोगी नाही. रकान्याची रचनाच अशी करावी की तास आणि मिनिटे वेगळी भरावी लागतील.

तिसऱ्या प्रश्नाबद्दल मी आग्रहाने सांगेन की नोंद झालीच पाहिजे. बिलात दर शून्य, पण खर्च पूर्ण, आणि त्यासोबत कारणाचा संकेत: वॉरंटी, करारात समाविष्ट, किंवा पुनर्काम. नोंद केली नाही, तर ते तास कुठेच दिसत नाहीत आणि पुढच्या वर्षी दर ठरवताना बिलयोग्य तासांचे प्रमाण चुकते. वॉरंटीच्या कामाचे पैसे उत्पादक परत देणार असेल, तर त्या उत्पादकाला ग्राहक मानून त्याच्या मान्य दराने वेगळी ओळ काढावी. करारात समाविष्ट असलेल्या कामात आधी पूर्ण दर दाखवून मग तेवढीच सूट दाखवणेही चांगले, कारण करार नूतनीकरणाच्या वेळी ग्राहकाला वर्षभरात किती किमतीची सेवा मिळाली, हे त्याला स्वतःच्या कागदांवर दिसते.

ओव्हरटाइमच्या खर्चाबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली होती. प्रणालीत खर्चाचा आकडा ३५३ ठेवून त्याला दीडने गुणले, तर ५२९.५ येतो आणि रात्रीची कामे तोट्यात दिसू लागतात. प्रत्यक्षात दीडपट होते ते फक्त वेतन आणि त्याबरोबरची अंशदाने, म्हणजे १०० वेतन आणि २० अंशदाने मिळून १२० चे १८० होतात. कार्यालयाचा खर्च रात्री वाढत नाही. म्हणून वेतनाशी बांधलेला भाग आणि उरलेला भाग हे खर्चाचे दोन घटक वेगळे ठेवता आले, तर अवश्य ठेवावेत.

डिस्पॅच_टेबल

किमान आकाराबद्दल: तो माणसाला नव्हे, तर भेटीला जोडा. बहुतेक प्रणालींमध्ये किमान रक्कम किंवा किमान वेळ सेवेच्या ओळीवर बसवलेली असते आणि दोन तंत्रज्ञांच्या दोन ओळी झाल्या की किमान आकारही दोनदा लागतो. वीस मिनिटांच्या कामाचे दोन तास त्यामुळेच होतात. दुसऱ्या माणसासाठी ‘मदतनीस’ किंवा ‘अतिरिक्त तंत्रज्ञ’ ही किमान आकार नसलेली सेवा वापरा. तसेच आपल्याकडे भाग शिल्लक नव्हता म्हणून दुसऱ्या दिवशी परत जावे लागले, तर ती भेट पहिल्याच वर्क ऑर्डरची पुढची भेट म्हणून नोंदवा, नवी वर्क ऑर्डर उघडू नका. नवी उघडली की प्रवास आणि किमान आकार दोन्ही पुन्हा लागतात आणि आपल्या साठ्यातली उणीव ग्राहकाला भरावी लागते.

देखभाल_विभाग (प्रश्नकर्ता)

वेळेला टप्पा लावण्याची रचना खरोखर नोंदनिहाय होती. ती भेटनिहाय केल्यावर तास जुळले. किमान आकारही मुख्य ओळीपुरता ठेवला आहे. पुढचा एक महिना जुनी स्प्रेडशीट आणि नवी प्रणाली समांतर चालवून प्रत्येक बिल दोन्हीकडे ताडून पाहणार आहोत. दर बदलण्याचा अधिकार कुणाकडे असावा, एवढे एकच विचारायचे राहिले. सध्या डिस्पॅचर, लेखा विभाग आणि मी, असे सगळेच तो बदलू शकतो.

प्रणाली_जुळवणी

दरसूची बदलण्याचा अधिकार लेखा विभागातल्या एकाच व्यक्तीकडे आणि तिच्या गैरहजेरीत दुसऱ्या एकाकडे असावा. डिस्पॅचरला सेवेचा प्रकार निवडता यावा, पण दर लिहिता येऊ नये. ग्राहकाला सूट द्यायची असेल, तर ती मूळ दर खोडून देऊ नये, वेगळ्या ओळीत कारणासह द्यावी, म्हणजे वर्षभरात किती सूट दिली हे नंतर मोजता येते. तंत्रज्ञाच्या मोबाइलवर सहकाऱ्यांच्या खर्चाचे आकडे दिसत नाहीत ना, हे त्याच्याच खात्याने लॉगिन करून प्रत्यक्ष पाहा, कारण त्या आकड्यांवरून कुणाचेही वेतन काढता येते. समांतर महिन्यात रोज संध्याकाळी तीनच याद्या काढा: शून्य दर असूनही कारण न दिलेल्या ओळी, दरसूचीबाहेरचा दर असलेल्या ओळी आणि काम पूर्ण होऊन सात दिवस उलटले तरी बिल न झालेल्या वर्क ऑर्डर. जुळवणीतली जी चूक चाचणीत सुटली असेल, ती यांपैकी एका यादीत पहिल्याच आठवड्यात सापडते, असा माझा अनुभव आहे. त्या याद्यांमध्ये काही अनपेक्षित निघाले, तर इथे अवश्य लिहा. आपल्या सहा सेवांची नावे आणि दरांचा क्रम दिलात, तर मी तो तपासून देईन.